नागपूरच्या हवेत कुठल्या लाकडाचा रेकॉर्डर घ्यावा?

रेकॉर्डर म्हणजे उभं धरून फुंकायचं बासरीसारखं वाद्य. प्लास्टिकच्या रेकॉर्डरवर दोन-तीन वर्षं हात बसला की लाकडी घ्यावासा वाटतोच. परदेशी कंपन्या एकच मॉडेल चार-पाच लाकडांत देतात आणि प्रत्येकाच्या आवाजाचं भरभरून वर्णन करतात. नागपूरकरांनी मात्र आधी हवेचा विचार करावा, असं माझं ठाम मत आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो, बाहेर कोरडी झळ आणि घरात वाळ्याच्या ताट्यांचा ओला कुलर. एका खोलीतून दुसरीत गेलं तरी लाकडाला ऋतू बदलल्यासारखं होतं.

तसा आवाजाचा मोठा भाग लाकडावर नव्हे, तर आतल्या पोकळीचा आकार, फुंकर जाते ती फट आणि तिच्यासमोरची धार यांवर ठरतो. कठीण लाकडाला धार नेमकी बसते आणि पोकळी गुळगुळीत होते, म्हणून त्याचा सूर टोकदार येतो.

मेपल आणि पिअर ही हलकी लाकडं. ती ओल पटकन शोषतात, म्हणून अनेक कारखान्यांत त्यांना पॅराफिन मेण पाजलेलं असतं. त्यामुळे ती फारशी फुगत-आक्रसत नाहीत आणि तेलही लावावं लागत नाही. आवाज मऊ, चारचौघांत मिसळणारा. आपल्या हवेत यांचा एकच धोका, तो म्हणजे ऊन. मी एकदा सीताबर्डीला खरेदीला गेले आणि पिअरचा अल्टो, म्हणजे मधल्या आकाराचा रेकॉर्डर, गाडीत राहिला. तासाभराने पेटी उघडली तर मेण पाझरून फटीत पांढरट साय धरली होती. त्या संध्याकाळी एकही वरचा सूर धड लागला नाही, आणि फट साफ करायला कारागिराकडेच पाठवावा लागला.

ऑलिव्ह आणि बॉक्सवुड मधल्या वजनाची. अठराव्या शतकातले न्यूरेम्बर्गचे याकोब डेनर यांच्यासारखे कारागीर मुख्यतः बॉक्सवुड वापरत. आवाज भरीव आणि स्वच्छ, पण हे लाकूड वाकतं, म्हणून ते नीट मुरवलेलं आहे ना, याची चौकशी आधी करा. ऑलिव्ह मुळातच तेलकट असतं, दिसायला फार देखणं. मनापासून विचाराल तर आवाजात मला हेच सगळ्यात आवडतं. मात्र याची देखभाल रोजची: तेल वेळेवर, कुलरच्या झोतापासून लांब आणि वाजवून झालं की पुसून वाळवणं. एवढं जमणार नसेल तर उन्हाळ्यात तडा जाण्याची भीती खरी आहे.

शिसवी आणि ग्रेनाडिला सगळ्यात जड. ग्रेनाडिला म्हणजे क्लॅरिनेटचं काळं लाकूड. पाण्यात टाकलं तर बुडतं. आवाज ठसठशीत, सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. एकट्याने वाजवणाऱ्याला उत्तम, घरच्या छोट्या खोलीत जरा कर्कश. अल्टो असेल तर उजव्या अंगठ्यावर भार येतो. शिसवीने काहींच्या ओठांना खाज येते, म्हणून आधी कुणाचा तरी वाजवून बघावा. दोन्ही झाडं साइट्सच्या (CITES, दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहेत. २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे, तरी मागवताना दुकानदाराकडून लाकडाचं नाव लेखी घ्या.

‘आपलं सागवान का नाही?’ असं इथे हमखास विचारतात. सागाची छिद्रं मोठी असतात आणि त्यातल्या सिलिकाने हत्यारं बोथट होतात. रेकॉर्डरच्या बारीक धारेला घट्ट पोताचं लाकूड लागतं.

बाहेरचं लाकूड कुठलंही असो, तोंडाशी बसवलेला ब्लॉक बहुधा सीडरचाच असतो. तो फुंकरीतली वाफ शोषून घेतो. डिसेंबरच्या गार सकाळी प्लास्टिकचा रेकॉर्डर पाण्याने तुंबतो तेव्हा लाकडी बराच वेळ मोकळा वाजतो, तो यामुळेच. या ब्लॉकला तेलाचा थेंबही लागू देऊ नका.

पहिला लाकडी रेकॉर्डर असेल तर माझं मत मेण पाजलेल्या पिअरला. मागवायचा तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात. एप्रिलमध्ये नवा रेकॉर्डर घरात आणूच नका. पहिला आठवडा रोज दहा मिनिटंच वाजवायचा, मग दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवायची.