ऑब्जेक्टिव्ह ठेवायचं की समरी लिहायची?

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं डीटीपीचं दुकान आहे. सीव्ही नवा करून घ्यायला आलेल्यांच्या जुन्या फाइलीत नावाखाली बहुतेक वेळा एकच वाक्य सापडतं: 'चॅलेंजिंग वातावरणात काम करून कंपनीच्या प्रगतीला हातभार लावणे.' हे पहिल्यांदा कुणी लिहिलं देव जाणे, पण माझ्याच कॉम्प्युटरवरून ते निम्म्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत पोचलं असणार. तेवढं पाप माझ्याही माथी.

हे झालं करिअर ऑब्जेक्टिव्ह. हल्ली त्या जागी प्रोफाइल समरी, म्हणजे आजवर काय केलं त्याचा गोषवारा, लिहितात. गिऱ्हाईक विचारतं, "काकी, ह्यातलं चांगलं कुठलं?" उत्तर माणसागणिक बदलतं.

फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, चार वर्षं क्वालिटीला असलेला एखादा डिप्लोमावाला घ्या. त्याचं ऑब्जेक्टिव्ह असं:

'नामांकित कंपनीत क्वालिटी इंजिनिअर म्हणून काम करून स्वतःची कौशल्ये वाढवणे.'

आणि त्याचीच समरी:

'डिप्लोमा मेकॅनिकल. ग्रे आयर्न फौंड्रीत क्वालिटी इन्स्पेक्शनचा 4 वर्षांचा अनुभव. सीएमएमवर मोजमाप, कस्टमर ऑडिटची तयारी. ब्लो होलचं रिजेक्शन वर्षभरात 6 टक्क्यांवरून 3.5 टक्क्यांवर आणणाऱ्या टीममध्ये काम.'

पहिल्या वाक्यात पोराला काय हवंय ते कळतं. पण समोरच्या साहेबाला नोकरी द्यायची असते ती स्वतःची अडचण सोडवायला, पोराची कौशल्यं वाढवायला नव्हे. दुसऱ्यात 'ब्लो होल' (ओतकामात वायू अडकून पडणारी पोकळी) वाचलं की शिरोली एमआयडीसीतला क्वालिटीवाला ओळखतो, हा शॉपवर उभा राहिलेला आहे. शिवाय नोकरीच्या पोर्टलवरून अर्ज केला तर बऱ्याच ठिकाणी जाहिरातीतले शब्द सीव्हीत शोधले जातात. जाहिरातीत 'व्हीएमसी सेटर' असेल आणि काम तेच केलं असेल, तर 'मशीन ऑपरेटर' न लिहिता तोच शब्द लिहावा. समरीत असे शब्द सहज बसतात, ऑब्जेक्टिव्हमध्ये कोंबावे लागतात.

म्हणजे ऑब्जेक्टिव्ह मोडीत काढायचं का? तसंही नाही. लाइन बदलणाऱ्याला ते लागतं. दूध संघात सात वर्षं अकाउंट्स बघितलेल्या माणसाला आता सॉफ्टवेअर ट्रेनर व्हायचं असेल, तर नुसत्या समरीवरून वाटतं, ह्याचा अर्ज चुकून इकडं आला. तिथं 'का' ते एका वाक्यात सांगावंच.

दुसरी जात आपल्या कोल्हापूरची खास: चाकण नाहीतर हिंजवडीतून परत येणारी मंडळी. अनुभव दांडगा, पण इथल्या मालकाच्या मनात पाल चुकचुकते की हा सहा महिन्यांत पुन्हा पुण्याला पळणार. अशांना मी दोन्हीची भेळ करून देते. आधी तीन ओळी समरी, शेवटी एक ओळ: 'कुटुंबासह कोल्हापुरात कायम वास्तव्य, कागल-हातकणंगले पट्ट्यात प्रॉडक्शनची जबाबदारी हवी.' अर्थात ते खरं असेल तरच.

फ्रेशरचं त्रांगडं वेगळं. अनुभवच नाही म्हणून तो ऑब्जेक्टिव्हकडं वळतो आणि 'मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेअर' लिहून मोकळा होतो. आळशी आहे असं कुणी लिहिलेलं मी अजून बघितलं नाही. त्यापेक्षा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, उन्हाळ्यात उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये काढलेला महिना, ड्रॉइंग वाचता येतं की नाही, हे लिहिलं तर छोटीशी समरी होतेच. कुठली पोस्ट हवी ते तिच्याच शेवटी अर्ध्या ओळीत.

लांबी तीन-चार ओळी, फार तर साठेक शब्द. सीव्ही इंग्रजीत असेल तर दर वाक्य 'आय ॲम'नं सुरू करू नका. गेटवर झेरॉक्स देऊन वॉक-इनला उभं राहायचं असेल, तर दोन ओळींची समरी पुरते. तिथं ऑब्जेक्टिव्ह वाचायला कुणाला सवड नसते.

प्रिंट काढण्याआधी समरीतला आकडा मी गिऱ्हाइकाला विचारते: "सहाचे साडेतीन कसे झाले?" परवा एकजण डोकं खाजवत म्हणाला, "ते गुगलवर होतं, काकी." तो आकडा खोडला आणि त्यानं स्वतः रोज किती पीस तपासले ते लिहिलं.