मेलेल्या देशांची ५० तिकिटं मागवली, माझ्या मोजणीत ३६ भरली

आधीच सांगतो, मी काही मोठा कलेक्टर नाही, शाळेत असताना पोस्टाची तिकिटं जमवायचो आणि मग वीसेक वर्षं अल्बम कुठल्या कपाटात आहे तेही माहीत नव्हतं. परवा रात्री मोबाईल चाळताना एक पाकीट दिसलं, नकाशावरून पुसल्या गेलेल्या ५० देशांची ५० अस्सल तिकिटं, आणि विचार करायच्या आत ऑर्डर पडली पण. विक्रेत्याचं नाव देत नाही, असली पाकिटं बरेच जण विकतात आणि मालही थोड्याफार फरकाने तोच असावा.

पॅकिंग उत्तम, तक्रारच नाही. दोन्ही बाजूंनी जाड पुठ्ठा, आत पारदर्शक कागदी पाकिटं, एकही तिकीट दुमडलेलं नाही, एका युगोस्लाव्हियाच्या तिकिटाच्या कडेचे दोन दात तेवढे तुटलेत, ते चालतं. सोबत एक पानभर माहितीपत्रक येतं, त्याच्याकडे नंतर येतो.

आता मुख्य भांडण. चिमटा घेऊन सगळी टेबलावर मांडली आणि मोजायला बसलो. सिलोन, सयाम, पर्शिया, अप्पर व्होल्टा, दाहोमे, झाईर, ही सहा तिकिटं मेलेल्या देशांची कशी काय? सिलोनचं १९७२ ला श्रीलंका झालं, अप्पर व्होल्टाचं १९८४ ला बुर्किना फासो, देश आहेत तिथेच आहेत की. दुकानाची पाटी बदलली म्हणून कोणी दुकान बंद पडलं म्हणत नाही. मग गोल्ड कोस्ट, न्यासालँड, हेलिगोलँड धरून पाच निव्वळ वसाहती, ज्या स्वतंत्र देश कधी नव्हत्याच. पूर्व जर्मनीची तीन तिकिटं घातलीत, म्हणजे दोन जास्तीची. आणि एक दक्षिण मालुकूचं, म्हणजे इंडोनेशियातली बेटं. यावर मात्र मी खरंच वैतागलो, कारण १९५० मध्ये तिथे प्रजासत्ताक जाहीर झालं हे बरोबर, पण ही फुलपाखरांची रंगीत तिकिटं त्या बेटांवर कधी टपालाला लागलीच नाहीत, ती परदेशात संग्राहकांना विकायलाच छापलेली, लहान मुलांच्या पाकिटांत वर्षानुवर्षं हीच भरतात. त्याला अस्सल म्हणणं म्हणजे कमाल आहे. तर ५० वजा १४, राहिले ३६.

हेलिगोलँडचं अजून एक म्हणजे त्याची रीप्रिंट, म्हणजे नंतर पुन्हा छापलेली, मूळ तिकिटांपेक्षा कितीतरी जास्त फिरतात, जुना कलेक्टर ते तिकीट बघून आधी संशयच घेतो, आणि पाकिटावर त्याबद्दल चकार शब्द नाही. पण गंमत अशी की हेलिगोलँड आणि झांझिबार एकाच पाकिटात शेजारी शेजारी निघाले आणि १८९० च्या ब्रिटिश-जर्मन करारातही ही दोन नावं अशीच शेजारी होती, हेलिगोलँड जर्मनीला गेलं आणि झांझिबारवरचा ब्रिटनचा ताबा जर्मनीने मान्य केला. विक्रेत्याला हे सुचलं असेल असं वाटत नाही, योगायोग.

एवढं बोलून झाल्यावर आता कौतुक, कारण उरलेल्या ३६ मध्ये जे आहे ते खरंच भारी आहे. मला सगळ्यात आवडली ती वरून दुसरा छापा मारलेली तिकिटं. सत्ता बदलते, नवीन तिकिटं छापायला वेळ लागतो, टपाल तर थांबवता येत नाही, मग जुन्याच शीटवर नवीन नाव मारून मोकळे व्हायचं. झांझिबारचं बघा, डिसेंबर १९६३ मध्ये स्वातंत्र्य, जानेवारी १९६४ मध्ये क्रांती, सुलतान पळाला, आणि सुलतानाच्या चेहऱ्याच्या तिकिटावर 'जम्हुरी १९६४' असा शिक्का. जम्हुरी म्हणजे प्रजासत्ताक, शब्द आपल्याला ओळखीचाच आहे. २६ एप्रिलला टांगानिकाशी विलीनीकरण, म्हणजे त्या प्रजासत्ताकाचं आयुष्य साडेतीन महिने, आणि त्यातलं एक तिकीट माझ्या टेबलावर.

ऑस्ट्रियाचंही तसंच. सम्राट कार्लचा फोटो आणि त्याच्यावर 'डॉइच-ओस्टराइश' छापलंय. नोव्हेंबर १९१८ मध्ये साम्राज्य कोसळल्यावर जर्मन-ऑस्ट्रिया नावाने प्रजासत्ताक निघालं आणि पुढच्या वर्षीच्या तहात ते नावसुद्धा काढून टाकायला लावलं, वर्षभरही टिकलं नाही. हे तिकीट मी भिंगाखाली किती वेळ धरून बसलो होतो काय माहीत, गादी गेली तरी राजा तिकिटावर बसलेलाच, फक्त तोंडावर दुसऱ्याचं नाव.

दक्षिण आफ्रिकेतल्या ऑरेंज फ्री स्टेटचं मात्र नीट बघायला दिवसाचा उजेड लागला. चित्रात संत्र्याचं झाड (देशाचं नाव फळावरून नाहीच, नेदरलँड्सच्या ऑरेंज राजघराण्याच्या नावाची नदी, तिच्यावरून, तरी झाड संत्र्याचं!), आणि त्यावर इंग्रजांनी १९०० मध्ये ब्लूमफाँटेन घेतल्यावर मारलेला 'व्ही.आर.आय.', म्हणजे राणी व्हिक्टोरिया, सम्राज्ञी. आता या छाप्यात काही तिकिटांवर अक्षरांनंतरचे टिंब खाली ओळीवर आहेत आणि काहींवर वर उचललेले, दोन वेगळे प्रकार धरतात, माझ्याकडे वरचे आले. भाव काय पडतो मला माहीत नाही आणि विकायचंही नाहीये, पण शोधताना मजा आली.

पूर्व जर्मनीच्या तिकिटांवर कोपऱ्यात सुबक चतकोर शिक्का आहे आणि मागे डिंक जसाच्या तसा, म्हणजे ती कुठल्या पत्रावर चिकटलीच नाहीत, संग्राहकांसाठी सरकारनेच शिक्का मारून विकली, पूर्व युरोपात हे सर्रास चालायचं. त्यातलं तिसरं मात्र वेगळं निघालं, त्यावर देशाचं नावच नाही, नुसतं 'डॉइचे पोस्ट', आणि किंमत पश्चिम जर्मन मार्कात. जुलै १९९० मध्ये चलन एक झालं, ३ ऑक्टोबरला देश संपला, त्या मधल्या तीन महिन्यांतलं हे. ही तिकिटं १९९१ च्या शेवटापर्यंत चालली. देश गेल्यावर वर्षभर त्याचं तिकीट लावून पत्र जात होतं राव, यासाठी मी ती दोन जास्तीची माफ केली.

न्यूफाउंडलँडचं कॉड माशाचं तिकीटही सुंदर आहे. तो देश कोणी जिंकला नाही, १९४८ मध्ये लोकांनीच जेमतेम ५२ टक्क्यांनी कॅनडाच्या बाजूने मत दिलं आणि ३१ मार्च १९४९ ला विषय संपला.

माहितीपत्रक सरळ कचऱ्यात टाका. चेकोस्लोव्हाकिया १९८९ ला संपला म्हणे. १९८९ ला तिथलं कम्युनिस्ट सरकार गेलं, देश १९९२ च्या ३१ डिसेंबरला रात्री बारा वाजता दोन झाला. ऑटोमन साम्राज्य १९१८ लिहिलंय, तेव्हा फक्त युद्ध हरले होते, सुलतानपद रद्द झालं १९२२ मध्ये. हे कोणी आधी वाचलं तरी होतं का?

विक्रेत्याला १४ तिकिटांची यादी करून मेल टाकला, दोन दिवसांनी उत्तर आलं की 'देश या शब्दाचा अर्थ व्यापक घेतला आहे'. व्यापक! पैसे परत नाहीत, पण बदली म्हणून एक तिकीट फुकट पाठवलं, तुवाचं, आणि तिथे माझा राग उतरला. सायबेरियाच्या दक्षिणेला १९२१ ते १९४४ टिकलेला देश, मग सोव्हिएत संघाने गिळला. तिकिटं मॉस्कोत छापलेली, बरीचशी त्रिकोणी नाहीतर शंकरपाळ्यासारखी, बहुतेक देशाबाहेरच्या संग्राहकांसाठीच, एकावर तर उंट आणि आगगाडी एकत्र, आणि तुवात तेव्हा रेल्वेच नव्हती. म्हणजे मालुकूवर चिडलेला मी तशाच मालावर खूश झालो, कबूल.

पाच पैकी साडेतीन स्टार. घेणार असाल तर ५० चा आकडा सोडून द्या आणि भिंग आधी आणून ठेवा. तुवाचं माझं तिकीट त्रिकोणी आलंय, अल्बमच्या खिशात बसत नाही, सध्या पुठ्ठ्याच्या त्याच पाकिटात टेबलावर पडलंय.