वाशीतला चार शनिवारचा निवडणूक वर्ग: साडेतीन स्टार

आधीच सांगते, क्लासचं नाव लिहित नाहीये, कारण एसीबद्दल थोडं वाईट बोलणारे आणि मॅडम खरंच चांगल्या आहेत. सेक्टर १७ मध्ये दुकानांच्या वर एका कोचिंगचा हॉल, चार शनिवार, अडीच अडीच तास, फी बाराशे. विषय निवडणुका आणि ऑनलाइन माहिती कशी शोधायची. मला वाटलं नागरिकशास्त्राचं पुस्तकच परत वाचून दाखवणार, आईने पैसे भरले होते म्हणून गेले.

पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, फोन काढा, २०२४ च्या विधानसभेला बेलापूरचा (वाशी-नेरुळ येतं तो आपला मतदारसंघ) निकाल किती मतांनी लागला ते शोधा. पंधरा जणांची सात उत्तरं. कोणी मोजणीच्या मधल्याच फेरीचा स्क्रीनशॉट दाखवतंय, कोणी २०१९ चा आकडा, एकाने एआयला विचारून एकदम छाती ठोकून पाच आकडी काहीतरी सांगितलं. मॅडम प्रत्येकाला एकच विचारत होत्या, "हे कुठून आलं?" शेवटी निवडणूक आयोगाच्या निकालाच्या पानावर गेलो तर भाजपच्या मंदा म्हात्रे ३७७ मतांनी जिंकलेल्या. फक्त ३७७! नेरुळला आमच्या सोसायटीच्या दोन विंगा मिळून एवढी माणसं सहज निघतील. आणि आमचे बाबा मतदानाच्या त्या बुधवारी, २० नोव्हेंबरला, सुट्टी मिळाली म्हणून गावी गेलेले. घरी येऊन सांगितलं तर म्हणे माझ्या एकट्याने काय झालं असतं, आणि हिशोबाने बरोबरच आहे ते, पण नंतर दोन दिवस हाच आकडा ते स्वतः सगळ्यांना सांगत फिरत होते.

दुसऱ्या शनिवारी महापालिकेच्या उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र शोधायचं होतं. मी अर्धा तास भारत निवडणूक आयोगाच्या साइटवर वॉर्ड शोधत बसले, मॅडम चहा पीत बघतायत, मग म्हणाल्या, "अगं, तू दुसऱ्याच्याच दारात उभी आहेस." महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, तो वेगळा. मी बारावी पास, आणि हे मला माहीतच नव्हतं. गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण हे उमेदवाराने लिहून द्यायलाच लागतं ते सुप्रीम कोर्टाच्या २००२-०३ च्या निकालांमुळे, हेही तेव्हाच कळलं.

तिसरा शनिवार माझ्या बेइज्जतीचा. प्रत्येकाने आपण स्वतः पुढे पाठवलेला एक मेसेज आणायचा होता. मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेला तो प्रसिद्ध मेसेज नेला, यादीत नाव नसेल तर आधार दाखवा आणि कलम ४९ए खाली चॅलेंज व्होट मागा. वर हात जोडलेले इमोजी, तेही मीच वाढवलेले. मॅडमनी १९६१ चे निवडणूक नियम उघडायला लावले. ४९ए मध्ये काय आहे? मतदान यंत्र कसं असावं ते!! यादीत नाव नाही तर मत नाही, विषय संपला. चॅलेंज म्हणजे बूथवरच्या पोलिंग एजंटने (उमेदवाराचा तिथे बसलेला माणूस) एखाद्याच्या ओळखीवर घेतलेला आक्षेप, त्यासाठी त्याला दोन रुपये भरावे लागतात (हो, दोनच). आणि आपल्या नावावर आधीच कोणी मत टाकून गेलं असेल तर जे मिळतं ते टेंडर व्होट, प्रदत्त मत, नियम ४९पी, ते मशीनवर नाही, कागदी मतपत्रिकेवर. मी घरी येऊन ग्रुपवर माफीसकट हे सगळं लिहिलं. त्याला तीन लाइक. चुकीच्या मेसेजला एकेचाळीस होते.

चौथा शनिवार ठीकठाक. फोटोवरून उलटा शोध (रिव्हर्स इमेज सर्च) घेऊन सभेची गर्दी कधीची आणि कुठली ते काढायचं, पण नेट एवढं रडत होतं की अर्धा वेळ नुसतं गोल फिरणारं चक्र बघितलं.

दीड स्टार कापला त्याचं कारण तेच नेट, शिवाय एसी ज्याच्या खाली बसाल त्याच्यावरच टपकतो, आणि नोट्सची पीडीएफ देतो म्हणाले ती महिना झाला अजून आली नाहीये. पंधरा मुलांत प्लग दोनच आहेत, फोन घरून फुल चार्ज करून न्या आणि खिडकीकडची रांग पकडा, तिकडे पाणी पडत नाही.