मुरानो, बुरानो, तोर्चेल्लो: पॅकेज टूर सोडा, बारा नंबरची बोट पकडा

व्हेनिसला जाणाऱ्या आपल्या बहुतेक लोकांचा कार्यक्रम ठरलेला असतो, सान मार्कोचा चौक, रिआल्तोचा पूल, गोंडोला, आणि वेळ उरलाच तर ती अर्ध्या दिवसाची तीन बेटांची टूर. त्या टूरची पत्रकं सगळीकडे मिळतात आणि मी ती नीट वाचली आहेत, साडेचार-पाच तासात तीन बेटं, त्यातला बराचसा वेळ बोटीत, मग काचेच्या कारखान्यात अर्धा तास, लेसच्या दुकानात अर्धा तास, आणि तोर्चेल्लोला उतरून चर्चपर्यंत जाऊन परत यायचं की संपलं. प्लीज असं करू नका. ही बेटं सावकाश बघायची आहेत आणि त्यासाठी गाईड लागत नाही, खाजगी बोट लागत नाही, व्हेनिसची साधी सरकारी बोट म्हणजे वापोरेत्तो पुरते. मी, नवरा आणि माझी आई असे तिघं गेलो होतो, आईचे गुडघे दुखतात तरी तिला कुठेही त्रास झाला नाही, म्हणून हा रिव्ह्यू जरा सविस्तर लिहितेय, आईवडलांना घेऊन जाणाऱ्यांना उपयोग होईल.

आधी बोटीचं. व्हेनिसच्या उत्तर काठावर फोंदामेन्ते नोवे नावाचा धक्का आहे, तिथून १२ नंबरची बोट सुटते. मुरानोचा दीपस्तंभवाला स्टॉप, मग माझोर्बो, मग बुरानो. बुरानोला पोचायला पाऊण तासाच्या आतबाहेर लागतो. तोर्चेल्लो तिथून फक्त पाच मिनिटांवर आहे, काही फेऱ्या थेट जातात, नाहीतर बुरानोला बोट बदलायची, धक्क्यावरच्या स्क्रीनवर सगळं दिसतं. तिकिटाचं गणित सोपंय, ७५ मिनिटांचं एक तिकीट ९.५० युरो आणि २४ तासांचा पास २५ युरो, म्हणजे दिवसात तीनदा बोटीत बसलात की पास स्वस्त पडतो आणि या ट्रिपमध्ये तर तुम्ही निदान चार-पाचदा बसणारच. पास प्रत्येक वेळी धक्क्यावरच्या मशीनला टेकवायचा, हे विसरू नका, तपासनीस येतात आणि दंड मोठा असतो. बोट आणि धक्का जवळजवळ एका पातळीवर असतात आणि उतरताना बोटीवरचा माणूस आईला हात द्यायला स्वतःहून पुढे यायचा, मला हे फार आवडलं.

शक्य असेल तर बाहेरच्या बाजूला जागा धरा. निघाल्याबरोबर विटांची भिंत आणि सुरूची उंच झाडं असलेलं सान मिकेले बेट लागतं, ते अख्खं बेट म्हणजे व्हेनिसचं कब्रस्तान, संगीतकार स्त्राविन्स्की आणि कवी एझरा पाउंड तिथेच आहेत. ही बोट तिथे थांबत नाही, उतरायचं असेल तर ४.१ किंवा ४.२ पकडायची. मुरानो मागे पडलं की मात्र खरं लगून, म्हणजे समुद्रालगतचं उथळ खारं सरोवर, सुरू होतं. पाणी सगळीकडे पसरलेलं पण सरासरी खोली जेमतेम मीटरभर, त्यामुळे बोटी वाटेल तिथून जाऊच शकत नाहीत, तीन-तीन लाकडी खांब एकत्र बांधून पाण्यात रोवलेले असतात आणि त्यांच्यामधून खोल पाण्याचा रस्ता जातो. आजूबाजूला भरतीला अर्धी बुडणारी खाजणं, त्यावर बगळे. कोकणातल्या माणसाला हे बघून एकदम ओळखीचं वाटेल, नवरा वेंगुर्ल्याचा आहे, तो तर पूर्ण वेळ रेलिंगला टेकून उभाच होता.

आता क्रम. सगळे लोक मुरानो, बुरानो, तोर्चेल्लो या क्रमाने जातात आणि दुपारी थकून तोर्चेल्लो गाळतात. तुम्ही उलटं करा, सकाळी थेट तोर्चेल्लो. धक्क्यापासून एका कालव्याच्या काठाने सपाट फरसबंद वाट आहे, रमतगमत दहा मिनिटं, मध्ये कठडा नसलेला जुना पूल लागतो त्याला सैतानाचा पूल म्हणतात. आणि मग एका हिरवळीवर दोन चर्च, एक मनोरा, आणि एक दगडी खुर्ची जिला हूणांचा राजा अटिला याचं सिंहासन म्हणतात, अटिलाचा तिच्याशी काही संबंध नाही पण फोटोला सगळे बसतात. बस, एवढंच गाव. आता इथे मोजून काही माणसं राहतात, पण व्हेनिस मोठं होण्याच्या आधी हे लगूनमधलं गजबजलेलं व्यापारी शहर होतं. मुख्य जमिनीवरच्या अल्तिनो शहरातले लोक स्वाऱ्यांना कंटाळून इथे पाण्यात येऊन राहिले, कॅथेड्रलची स्थापना ६३९ सालची, तसा शिलालेख आत आहे. नंतर आजूबाजूचं पाणी गाळाने भरत गेलं, मलेरिया पसरला, लोक उठून गेले, आणि त्यांच्या घरांचे दगड-विटा सुद्धा व्हेनिसच्या बांधकामाला गेले.

सांता मारिया अस्सुंता बॅसिलिकाचं, म्हणजे याच कॅथेड्रलचं, तिकीट काढाच, इथे पैसे वाचवू नका. आत शिरलं की समोर वेदीच्या वर सोनेरी मोझेकचा, म्हणजे बारीक तुकडे जोडून केलेल्या चित्राचा, अर्धगोल आहे आणि त्या एवढ्या मोठ्या सोनेरी जागेत मेरी एकटीच उभी आहे, निळ्या वस्त्रात, कडेवर बाळ. आजूबाजूला काही नाही, नुसतं सोनं. व्हेनिसमधल्या सान मार्को चर्चमध्ये यापेक्षा कितीतरी जास्त सोनं आहे पण तिथे तुम्ही रांगेत ढकलले जात असता, इथे आम्ही बाकावर बसून मनसोक्त बघितलं आणि मला सांगायलाच हवं की अख्ख्या इटलीच्या ट्रिपमध्ये मला सगळ्यात जास्त काय भावलं तर हे. मग मागे वळून बघा, पश्चिमेची पूर्ण भिंत म्हणजे शेवटच्या न्यायनिवाड्याचं मोझेक, मजल्यामजल्याने रचलेलं, सर्वात खाली एका बाजूला स्वर्गात गेलेले, दुसऱ्या बाजूला नरकातले, तिथे कवट्यांच्या डोळ्यांतून साप निघालेत. आईने यातलं एकेक चित्र मला विचारून विचारून बघितलं. बाहेर आल्यावर खिडक्यांकडे लक्ष द्या, त्यांची दारं लाकडाची नाहीत, अख्ख्या दगडी फळ्या आहेत, बिजागरीसकट दगडाच्या. उघडण्याच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, आदल्या दिवशी बघून ठेवा. उन्हाळ्यात डासांचं क्रीम हवंच.

तोर्चेल्लोहून परत बोटीने, पण बुरानोला न उतरता माझोर्बोला उतरा. दोन्ही बेटं एका लांब लाकडी पुलाने जोडलेली आहेत. माझोर्बोला कोणीच उतरत नाही आणि म्हणूनच उतरायचं. तिथे जुन्या भिंतीच्या आत एक द्राक्षमळा आहे, वेनिस्सा नावाचा, त्यात दोरोना नावाची सोनेरी द्राक्षं लावलीत. १९६६ च्या मोठ्या पुरात लगून बेटांवरचे मळे खाऱ्या पाण्याखाली गेले आणि हे वाण संपल्यातच जमा होतं, मग २००२ मध्ये तोर्चेल्लोला थोड्या वेली सापडल्या आणि त्यावरून मळा परत उभा केला. कडेच्या भाजीच्या वाफ्यांची काळजी बुरानोमधले पेन्शनर आजोबा घेतात. आम्ही आत फेरी मारली, एक जण आर्टिचोकला पाणी घालत होते, त्यांनी आईला हात करून सगळे वाफे दाखवले, भाषा दोघांनाही कळत नव्हती पण भाजीवर पाच मिनिटं गप्पा झाल्या. तिथलं रेस्टॉरंट महागडं आहे, आम्ही गेलो नाही.

मग पूल ओलांडून चालत बुरानो. फोटोत बघून वाटतं की रंग वाढवलेत, नाही, खरोखरच तसे आहेत, जांभळं घर, त्याला लागून पिवळं, मग गडद निळं, मग शेंदरी, आणि शेजारचा रंग सहसा परत येत नाही. धुक्यात मच्छीमारांना आपलं घर ओळखू यावं म्हणून रंग दिले असं सांगतात, आता तर रंग बदलायचा असेल तर नगरपालिकेची परवानगी घ्यावी लागते. दाराला पट्ट्यापट्ट्यांचे पडदे, वर वाळत घातलेले कपडे, खिडकीत आज्जी बसलेल्या. लोक राहतात इथे, हा सेट नाही, म्हणून कोणाच्या दारात बसून, पडदा बाजूला सारून फोटो काढू नका, मी स्वतः तसं करणारे ग्रुप बघितले आणि मला त्या घरातल्या माणसांसाठी वाईट वाटलं. मुख्य रस्ता म्हणजे गालुप्पी, १७०६ मध्ये इथे जन्मलेल्या संगीतकाराचं नाव, तिथे गर्दी तोबा, पण दोन गल्ल्या आत वळलात की शांत. सान मार्तिनो चर्चचा मनोरा चांगलाच कललेला आहे, ५३ मीटर उंच आणि टोक जवळजवळ १.८ मीटर बाहेर, बोटीतूनच दिसतो.

बुरानोत माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं होतं ते लेसचं म्युझियम, कारण आई चाळीस वर्षं क्रोशा विणतेय. इथली लेस सुईने करतात, विणत नाहीत. कागदावर नक्षी काढायची, त्याखाली कापड, नक्षीच्या रेषांवर दोरा टाचून घ्यायचा, मग त्या दोऱ्यांच्या आधाराने एकेक टाका घालत मधली जागा भरत जायची आणि शेवटी खालचे टाके कापून कापड-कागद वेगळा करायचा, मागे राहते ती नुसती दोऱ्याची जाळी, आधार कशाचाच नाही. प्रत्येक बाई एका प्रकारच्या टाक्यात तरबेज, त्यामुळे एक तुकडा अनेक हातांतून फिरतो. ही कला मरायला टेकली होती, १८७२ च्या कडक थंडीत लगून गोठलं, मासेमारी बंद पडली, घरं उपाशी राहिली, तेव्हा बायकांच्या हाताला काम म्हणून लेसची शाळा काढली, ती १९७० पर्यंत चालली आणि त्याच इमारतीत आज म्युझियम आहे. आम्ही गेलो तेव्हा एक वयस्कर बाई उशी मांडीवर घेऊन काम करत बसल्या होत्या. आई त्यांच्यासमोर खुर्ची घेऊन बसली आणि पर्समधून स्वतःच्या रुमालाची क्रोशाची कड काढून दाखवली, त्यांनी चष्मा वर करून कड उलटीपालटी बघितली, मागची बाजू बघितली, आणि मान डोलावली. आईचा चेहरा काय सांगू तुम्हाला. सोमवारी म्युझियम बंद असतं. आणि हे बघितल्यावर तुम्हालाच कळेल की रस्त्यावर दहा-पंधरा युरोला मिळणारा टेबलक्लॉथ हाताचा असूच शकत नाही, अस्सल छोटा तुकडा सुद्धा खूप महाग असतो. आठवण म्हणून मशीनचा घ्या हवा तर, पण माहीत असून घ्या.

खाणं. नवऱ्याने रिसोत्तो दे गो खाल्ला, लगूनच्या चिखलात राहणाऱ्या छोट्या माशाच्या रश्शात शिजवलेला भात, दिसायला पांढराफटक पण चव एकदम खोल, तो म्हणाला परत येईन तर यासाठी. शाकाहारी लोकांनी टोमॅटो पास्ता किंवा पिझ्झा मार्गेरिता धरून चालायचं, फार पर्याय नाहीत, आणि बसायच्या आधी मेनूवर कोपेर्तो किती ते बघा, माणशी काही युरो टेबलाचे लावतात. बेकरीत बुसोला नावाची गोल कडी आणि एस आकाराची बिस्किटं मिळतात, अंड्याचं पिवळं आणि लोणी भरपूर, म्हणून अंडं न खाणाऱ्यांना नाही चालणार, पण ती बरेच दिवस टिकतात, मच्छीमार समुद्रावर न्यायचे. आम्ही पुण्यापर्यंत आणली, छान राहिली.

मुरानोबद्दल थोडक्यात. आगीच्या भीतीने १२९१ मध्ये व्हेनिसने काचेच्या भट्ट्या इथे हलवल्या, तेव्हापासून काच म्हणजे मुरानो. काच म्युझियम चांगलंय, आणि सान दोनातो चर्चची ११४० ची मोझेकची जमीन, त्यावरचे मोर, हे टूरवाले दाखवत नाहीत पण नक्की बघा. फुकट डेमो दाखवतो म्हणून नेणाऱ्यांपासून जरा सांभाळून. आम्ही दुसऱ्या दिवशी अशा एका ठिकाणी गेलो, कारागिराने दोन-तीन मिनिटांत काचेचा घोडा केला तो बघताना टाळ्या वाजल्या, पण नंतर आम्हाला शोरूममध्ये नेलं आणि विक्रेता काही घेतल्याशिवाय सोडायलाच तयार नव्हता, दर सुद्धा मिनिटामिनिटाला उतरत होते. विकत घ्यायचंच तर ‘वेत्रो आर्तिस्तिको मुरानो’ हा शिक्का बघून घ्या. आणि मुरानो त्याच दिवशी कोंबू नका, व्हेनिसहून दहा मिनिटांवर आहे, केव्हाही होतं.

परतीचं एक महत्त्वाचं. बुरानोला शक्यतो संध्याकाळपर्यंत थांबा, चारनंतर ग्रुप निघून जातात आणि तिरप्या उन्हात रंग असे खुलतात की दुपारचे फोटो डिलीट कराल. पण चार ते सहाच्या मध्ये व्हेनिसच्या बोटीला प्रचंड रांग असते आणि भरलेली बोट लोकांना मागे ठेवून जाते, म्हातारी माणसं बरोबर असतील तर उभं राहणं अवघड. आम्ही काय केलं, उलट्या दिशेची १२ नंबर पकडली, ती पुंता साब्बियोनीला जाते आणि रिकामी असते, तिथे १४ नंबर घेतली, ती लिदो बेटावरून थेट सान झाक्कारिया म्हणजे सान मार्कोच्या शेजारी सोडते, त्याच पासात. वेळ थोडा जास्त लागतो पण पूर्ण प्रवास बसून होतो, आणि वाटेत लिदोजवळ लगूनचं समुद्राकडे उघडणारं ते मुख दिसतं जिथे ऑक्टोबर २०२० पासून मोठी भरती आली की पाण्याखालचे पिवळे दरवाजे वर उचलून समुद्र बाहेर अडवतात. १४ मध्ये चढताना डाव्या बाजूची खिडकी धरा.