लिंकचा वर्ग की ग्रंथालयातला गप्पांचा गट?

सांगलीहून टोरांटोला आलेल्या वहिनी विचारत होत्या, इंग्रजीसाठी नेमकं कुठे जाऊ?

लिंक (LINC) म्हणजे कॅनडात नव्याने आलेल्यांसाठीचा इंग्रजीचा वर्ग, तर ग्रंथालयाच्या गटात गप्पा मारत इंग्रजी बोलायचा सराव होतो. पैसे दोन्हीकडे लागत नाहीत. पण 'लिंक' केंद्र सरकारच्या खर्चाने चालतो, त्यामुळे पीआर (कायम राहण्याची परवानगी) किंवा निर्वासिताचा दर्जा हवा. सुपर व्हिसावर, म्हणजे मुलांकडे येणाऱ्या आईवडिलांसाठीच्या लांब मुदतीच्या पाहुणा-व्हिसावर, आलेल्या सासूबाईंना तिथे प्रवेश नाही, नागरिक झालेल्यांनाही नाही. हे मला फार खटकतं. ग्रंथालयाच्या गटात सहसा कुणी कागद विचारत नाही.

मेहनत लिंकमध्ये जास्त. आधी पातळी ठरवायची परीक्षा, मग नेमाने हजेरी. पण लिहिणं-वाचणं तिथेच पक्कं होतं, आणि काही केंद्रांत लहान मुलं सांभाळायची सोयही असते.

गटात व्याकरण फारसं नाही, भीड मात्र चेपते. गटात जाण्याआधी फार्मसीत बोलायला मी आठ वर्षांच्या लेकाला पुढे करायचे. काही महिन्यांनी काउंटरवर मीच विचारलं, "बिफोर फूड ऑर आफ्टर?" लेक माझ्याकडे बघतच राहिला.

वहिनी, तुमच्याकडे पीआर आहे, नोकरी करायची आहे, तर लिंकच घ्या. नागरिकत्वासाठी १८ ते ५४ वयाच्या अर्जदारांना भाषेचा पुरावा लागतो, तिथे लिंकच्या चौथ्या पातळीचं प्रमाणपत्र चालतं. सासूबाईंना मात्र ग्रंथालयातच न्या.