टीएनसी: हाताने कमांड की किस मोड?

बुधवार पेठेतून यूएसबी-सिरियल केबल आणली, जुना टीएनसी-२ (संगणकाचा डेटा पॅकेट करून रेडिओवर पाठवणारा डबा) जोडला की पुण्यातला नवा हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, पहिला प्रश्न हाच विचारतो: कमांड हाताने द्यायच्या की टीएनसी किस मोडमध्ये टाकून सगळं सॉफ्टवेअरवर सोडायचं? माझं मत स्पष्ट आहे: आधी हाताने कमांड द्यायला शिका.

टर्मिनल उघडलं की 'सीएमडी:' दिसतं. 'मायकॉल' लिहून पुढे आपला कॉलसाइन (परवान्यावरची रेडिओ ओळख) द्या. मग 'टीएक्सडिले ३०'. हा आकडा १० मिलिसेकंदांच्या पटीत असतो, म्हणजे पीटीटी (रेडिओ प्रसारणावर नेणारी कळ) दाबल्यापासून डेटा सुरू होईपर्यंत ३०० मिलिसेकंद. तो फार कमी ठेवला तर पॅकेटची सुरुवातच कापली जाते आणि समोरच्याला काहीच डिकोड होत नाही; फार वाढवला तर सगळ्यांचा चॅनल उगाच अडतो. आकडा बदलायचा, पाठवायचं, समोरच्याला विचारायचं. रेडिओ खरा कळतो तो इथेच. 'डिस्प्ले' दिलं की सगळ्या सेटिंग्ज समोर येतात. कनेक्शन चालू असताना कमांडकडे परतायला कंट्रोल-सी.

किस मोडमध्ये टीएनसी जवळपास मोडेमच उरतो. एएक्स.२५ प्रोटोकॉल (हॅम पॅकेट रेडिओचे नियम), कॉलसाइन, सगळं संगणकातलं सॉफ्टवेअर सांभाळतं. एपीआरएससाठी (रेडिओवरून आपलं ठिकाण आणि छोटे संदेश पाठवण्याची पद्धत) हेच सोयीचं. 'किस ऑन', मग 'रीस्टार्ट', झालं. मात्र त्यानंतर टर्मिनलवर काहीही टाइप केलं तरी उत्तर येत नाही आणि नवशिक्याला वाटतं, डबा बिघडला. बाहेर पडायला १९२, २५५, १९२ हे तीन बाइट पाठवावे लागतात. ते कागदावर लिहून डब्यालाच चिकटवा.