रीथ व्याख्याने : ऐकावीत, आणि प्रश्नोत्तरांसाठी थांबावे

बीबीसी नभोवाणीवरची रीथ व्याख्याने १९४८ पासून चालू आहेत. बीबीसीचे पहिले महासंचालक जॉन रीथ यांच्या नावाने सुरू झालेल्या या मालेचे पहिले वक्ते बर्ट्रांड रसेल होते. १९५३ साली रॉबर्ट ओपेनहायमर बोलले, तर २०१४ साली अमेरिकेतील शल्यविशारद अतुल गावंडे, ज्यांचे वडील महाराष्ट्रातल्या उटी गावचे. अलीकडे बहुधा एकच वक्ता वर्षाला चार व्याख्याने देतो आणि प्रत्येक व्याख्यान वेगळ्या ठिकाणी, श्रोत्यांसमोर होते. २०११ साली बीबीसीने जुना संग्रह सर्वांसाठी खुला केला. नवी व्याख्याने पॉडकास्ट म्हणून विनामूल्य मिळतात आणि सोबत शब्दशः लिखित प्रतही असते. गुन्हा, अर्थकारण आणि कला या तीन विषयांवरच्या तीन माला मी लागोपाठ ऐकल्या. त्यांची गुणवत्ता सारखी नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत उजवी ठरते ती २०२४ ची माला. डॉ. ग्वेन ॲडशेड या न्यायवैद्यक मानसोपचारतज्ज्ञ असून, त्यांनी ब्रॉडमूर या कडेकोट बंदोबस्ताच्या मनोरुग्णालयात अनेक वर्षे हिंसक गुन्हेगारांवर उपचार केले आहेत. हिंसेविषयीचे चार प्रश्न त्यांनी चार व्याख्यानांत घेतले : हिंसा स्वाभाविक आहे का, मानसिक आघाताशी तिचा संबंध काय, दुष्टपणा नावाची गोष्ट खरोखर असते का, आणि हिंसक मन बदलता येते का. ठसे, डीएनए, रक्ताचे डाग अशा तपासकथांच्या अपेक्षेने कोणी ऐकायला बसेल तर त्याची निराशा होईल. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करणे टप्प्याटप्प्याने बंधनकारक करण्याची तरतूद केली, आणि त्यामुळे या शास्त्राची चर्चा बहुतांशी पुराव्यापुरती होते. ॲडशेड यांचे काम मात्र गुन्हा सिद्ध झाल्यानंतर सुरू होते, आणि तो भाग आपल्या चर्चेत जवळजवळ नसतोच.

त्यांचा एक दाखला फार नेमका आहे. हिंसक कृती म्हणजे सायकलीचे आकड्यांचे कुलूप उघडण्यासारखे आहे, असे त्या सांगतात. तरुण वय, पुरुष असणे, दारू किंवा अमली पदार्थांचे व्यसन, बालपणी सोसलेले हाल हे सारे एकेक आकडे आहेत. यांतला एखादा आकडा असंख्य माणसांच्या वाट्याला आलेला असतो, तरी त्यांच्या हातून काही घडत नाही. सगळे आकडे एका ओळीत आले तरच कुलूप उघडते, आणि शेवटचा आकडा अनेकदा इतका खासगी असतो की बाहेरच्या माणसाला तो क्षुल्लक वाटावा. बालपणी अत्याचार सोसलेला माणूस पुढे अत्याचारीच होणार, हा जो निर्दय समज आपल्याकडे सहज बोलून दाखवला जातो, त्याला इतके साधे आणि खणखणीत उत्तर मी अन्यत्र ऐकलेले नाही.

तिसरे व्याख्यान इंग्लंडमधील ग्रेंडन येथील तुरुंगात झाले. कैद्यांवर समूह-उपचार करणारा हा तुरुंग १९६२ पासून चालू आहे. दुष्टपणा या विषयावरच्या व्याख्यानाला समोर कैदी आणि कर्मचारी बसलेले, आणि प्रश्न विचारणाऱ्यांत स्वतः गंभीर गुन्हा केलेली माणसे! माणूस दुष्ट नसतो, मनाची अवस्था दुष्ट असू शकते, हे ॲडशेड यांचे म्हणणे एखाद्या सभागृहात नुसते उदात्त वाटले असते. येथे ते ज्यांच्याविषयी आहे त्यांच्यासमोरच तपासले जाते. बळी पडलेल्यांच्या कुटुंबांचे काय, हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात सतत राहतो आणि राहायलाच हवा. तरीही हा तास कोणी चुकवू नये.

अर्थकारणावरची २०२० ची माला बँक ऑफ इंग्लंडचे माजी गव्हर्नर मार्क कार्नी यांची. पुढे मार्च २०२५ मध्ये ते कॅनडाचे पंतप्रधान झाले, त्यामुळे ती आज ऐकण्याला वेगळे महत्त्व आहे. किंमत आणि मूल्य यांतली फारकत हा त्यांचा विषय : ॲमेझॉन कंपनीचे मोल बाजार क्षणोक्षणी सांगतो, पण ॲमेझॉनच्या जंगलाची नोंद, ते तोडून जमीन मोकळी होईपर्यंत, कोणत्याच खतावणीत नसते. २००८ चे आर्थिक संकट, करोना आणि हवामानबदल या तिन्ही संकटांची मुळे ते याच फारकतीत शोधतात. मांडणी स्वच्छ आहे, पण उपाय सांगताना वक्ता बँकरच राहतो. कर्जाखाली दबलेल्या गरीब देशाच्या बाजूने पाहिले तर हे जग कसे दिसेल, याला पुरेशी जागा मिळत नाही. महासाथीमुळे श्रोते दुरून जोडलेले होते, आणि समोरासमोरच्या प्रश्नांचा दाब नसल्याचे जाणवते.

कलेवरची २०१३ ची माला मातीची भांडी घडवणारे, ब्रिटनमधील टर्नर या कला-पारितोषिकाचे २००३ चे विजेते ग्रेसन पेरी यांची. कलाकृती चांगली की वाईट हे कोण ठरवते, हा त्यांचा पहिलाच सवाल आहे, आणि समीक्षक, संग्राहक, विक्रेते, संग्रहालयांचे अधिकारी यांची साखळी ते आतल्या माणसाच्या माहितीने उलगडून दाखवतात. कला ओळखण्याची त्यांची एक कसोटी अशी, की वस्तू कचऱ्याच्या ढिगावर टाकली तर जाणाऱ्या-येणाऱ्याला ती कलाकृती वाटेल काय? कसोटी मार्मिक आहे, पण समाजासोबत घडवलेल्या कलेपुढे ती अपुरी पडते. मुंबईच्या नवज्योत अल्ताफ यांनी बस्तरमधील कोंडागाव परिसरात स्थानिक आदिवासी कलावंतांसह हातपंपांचे परिसर नव्याने रचले. पाणी भरणाऱ्या बायकांना भरलेले भांडे उचलण्यापूर्वी टेकवता यावे, याचा विचार त्या रचनेत आहे. ती वस्तू ढिगावर टाकून पाहण्यात अर्थच नाही. तिची परीक्षा रोज पाणी भरताना होते. पेरींची दृष्टी मुख्यतः दालनांच्या जगावर खिळलेली आहे, आणि ही उणीव मला मोठी वाटते.

न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून व्याख्यान ऐकण्याची गोडी मराठी समाजात मुरलेली आहे. तरी आपल्या अनेक व्याख्यानमालांत प्रश्नोत्तरे आभारप्रदर्शनाच्या घाईत उरकली जातात. रीथ व्याख्यानांत त्यांना तासातला भरघोस वाटा मिळतो, आणि वक्त्याचे कच्चे दुवे तेथेच उघडे पडतात.

इंग्रजी उच्चार अवघड वाटत असतील तर लिखित प्रत समोर ठेवून ऐकावे. सुरुवात ग्रेंडनच्या व्याख्यानापासून केली तरी चालेल, कारण प्रत्येक भाग स्वतंत्रपणे समजतो. कार्नींचे मात्र पहिल्यापासून क्रमाने ऐकावे लागतात; वेळ कमी असेल तर त्यांचे पहिले आणि हवामानावरचे शेवटचे, एवढी दोन पुरेत.